माझ्या द्वारे आल्यावाचून

शेजारच्या काकूंना जाऊन महिना झाला होता. त्यांची मुलगी घर आवरण्यासाठी मागे राहिली होती आणि एका संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या चार गोष्टी झाल्या आणि कप खाली ठेवता ठेवता तिने विचारले, “मावशी, तुमच्या धर्माप्रमाणे आई आता कुठे असेल?”

तिच्या आवाजात वादाचा सूर नव्हता. लहानपणापासून आमच्या घरात वाढल्यासारखीच ती वाढली, नाताळात आमच्या घरी म्हटली जाणारी गीते तिला पाठ आहेत, आणि म्हणूनच तिला हेही ठाऊक होते की ख्रिस्तावाचून तारण नाही असे आम्ही मानतो. मी त्या वेळी तिला जे उत्तर दिले ते तोकडे होते. ते नीट मांडून पाहावे, म्हणून हे लिहीत आहे.

काकू पक्क्या वारकरी होत्या. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादशा, चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य आणि रोज संध्याकाळी हरिपाठ. आम्ही नगरच्या जुन्या मंडळीतले, म्हणजे तिथल्या चर्चचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मधली भिंत कमरेएवढी होती, त्यामुळे त्यांच्याकडचा हरिपाठ आणि आमच्याकडची कौटुंबिक प्रार्थना बहुधा एकाच वेळी चाले, आणि त्यात कोणालाही कधी अडचण वाटली नाही. “देव एकच गं, नावं वेगळी,” असे काकू नेहमी म्हणत. मी त्यावर गप्प राहत असे. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांना कळत होता, हे मला एका होळीला समजले.

मूर्तीला दाखवलेला नैवेद्य आमच्या घरात खाल्ला जात नाही. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रेषित पौलाने याविषयी बरेच लिहिले आहे, आणि सगळी ख्रिस्ती कुटुंबे त्याचा एकच अर्थ लावत नाहीत. पण माझ्या सासूबाईंचा नियम कडक होता आणि मीही तो पाळला. लग्न होऊन आले त्या वर्षी होळीच्या दिवशी काकू पुरणपोळीचा डबा घेऊन भिंतीपाशी आल्या. आता नाही कसे म्हणावे, या विचाराने मी गोंधळून उभी असतानाच त्या म्हणाल्या, “नैवेद्य दाखवायच्या आधी तुमचं बाजूला काढलंय. खुशाल खा.” त्यानंतर तीस वर्षे दर होळीला, दर गौरींना तो डबा आधी भरला गेला. आमच्याकडूनही नाताळाच्या करंज्या-चकल्यांचे त्यांच्या वाट्याचे घाणे नव्या तेलात, सर्वांत आधी निघत, आणि अंड्याचा केक त्यांच्या ताटात कधी गेला नाही.

या डब्याबद्दल मी पुष्कळ विचार केला आहे. तोंडाने “देव एकच” म्हणणाऱ्या काकूंनी माझे वेगळेपण पुसून टाकण्याचा प्रयत्न कधीच केला नाही. “एवढ्याशा नैवेद्याने काय होते” असे त्या सहज म्हणू शकल्या असत्या आणि आपल्याकडे बहुतेक जण तेच म्हणतात. त्यांनी माझी निष्ठा खरी धरली, कारण स्वतःची निष्ठा त्यांच्यासाठी खरी होती. “नव्हे जाखाई जोखाई, मायराणी मेसाबाई, बळिया माझा पंढरीराव” असे तुकोबा म्हणतात, तेव्हा गावच्या दहा देवतांच्या रांगेत अकरावा म्हणून ते विठ्ठलाला उभा करत नाहीत. काकू हा अभंग डोळे मिटून म्हणत. एकावाचून दुसऱ्याचे न होणे ही गोष्ट मराठी मनाला परकी आहे, ती गलबतातून उतरलेल्या मिशनरींनी येथे आणली, असे म्हणणाऱ्यांनी हा अभंग पुन्हा वाचावा असे मला वाटते. ख्रिस्ती झालेले मराठी कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलाची बांधणी एकनिष्ठेचीच आहे.

आता ज्या वचनावरून एवढा प्रश्न उभा राहतो त्या वचनाकडे येते. “मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.” योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलातल्या एका येशूचरित्राच्या, चौदाव्या अध्यायातले हे सहावे वचन रिक्षांच्या मागे, चर्चच्या फलकांवर आणि दिनदर्शिकांवर इतके छापले गेले आहे की ते कोणत्या प्रसंगी उच्चारले गेले याचा विसर पडावा. ती येशूची अखेरची रात्र होती. भोजन झाले होते, त्याचा घात करणारा शिष्य यहूदा बाहेर पडला होता, आणि आपला गुरू आपल्याला सोडून चालला आहे हे उमजल्याने शिष्य भेदरले होते. तुम्ही कोठे जाता हेच आम्हांला ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार, असे थोमा नावाच्या शिष्याने कासावीस होऊन विचारले आणि त्याला हे उत्तर मिळाले. (हाच थोमा पुढे भारतात आला, अशी केरळच्या ख्रिस्ती मंडळ्यांची प्राचीन श्रद्धा आहे.) तेथे समोर दुसऱ्या धर्माचा कोणीही माणूस नव्हता. अंधारात वाट चुकेल या भीतीने रडकुंडीला आलेल्या लेकराचा हात धरून “मी आहे ना, मीच वाट आहे” असे आईने म्हणावे, तसे ते वाक्य आहे. ते उचलून शेजाऱ्याच्या दिशेने भिरकावणाऱ्यांविषयी मला मनापासून दुःख होते. परंतु वाक्याचा दुसरा भाग वगळून पहिलाच तेवढा ठेवावा, हेही मला जमत नाही. कारण त्या रात्री थोमाला ज्याचा आधार वाटला तो दोन्ही भागांचा मिळून होता.

संडे स्कूलमध्ये मी अनेक वर्षे शिकवत आले. एकदा एका मुलाने विचारले होते की कोपऱ्यावरच्या पतसंस्थेच्या पाटीवर ‘सोने तारण कर्ज’ लिहिले आहे, तर येशू आपले तारण करतो म्हणजे तो काय करतो? मुले हसली, पण मला तो प्रश्न फार मोलाचा वाटला. तारण ठेवलेला दागिना आपला असूनही आपल्या घरात नसतो, आणि रक्कम भरल्याशिवाय तो सुटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांच्या मुक्तीसाठी खंडणी म्हणून देण्याविषयी बोलतो, तेव्हा त्याची भाषा याच व्यवहारातली आहे. ज्याने रक्कम भरून मला सोडवले त्याचे नाव मी सांगते. रक्कम कोणीही भरली असती तरी चालले असते, असे मी म्हणाले तर त्या भरण्याला काय अर्थ उरला? एकमेव तारणारा या शब्दांमागे माझ्यासाठी हे ऋण आहे, आणि ते माझ्या मनात कोणत्याही धर्माशी केलेल्या तुलनेच्या कितीतरी आधीचे आहे.

सगळे मार्ग एकाच ठिकाणी जातात हे म्हणणे वरवर नम्र वाटते. ते म्हणणाऱ्यांच्या सद्भावनेबद्दल मला शंका नाही. ते ज्या शांतीसाठी म्हणतात ती मलाही हवी आहे. तरीही विचार केला की जाणवते, काकूंना हवा होता तो जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका देणारा मोक्ष, किंवा खरे सांगायचे तर मोक्षही नको, पुन्हा जन्म घेऊन विठ्ठलाचे नाम घ्यावे असे त्या म्हणत. मला आशा आहे ती पापांची क्षमा होऊन देवाशी समेट होण्याची आणि मेलेल्यांतून उठवले जाण्याची. या दोन ठिकाणांना एकच म्हणणारा माणूस आम्हां दोघींनाही सांगत असतो की तुम्ही आयुष्यभर जे मागितले ते तुम्हांलाच नीट समजले नाही.

आमच्या नातलगांत याचे आणखी एक उदाहरण आहे. माझ्या पणजोबांच्या धाकट्या भावाचे घराणे 1956 नंतर बौद्ध झाले. त्या वर्षी 14 ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असे मी मानणार नाही अशी एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. बुद्धाला दशावतारांत सामावून घेणे हा वरकरणी केवढा उदारपणा होता! बाबासाहेबांनी तो नाकारला, कारण ज्याला सामावून घेतले जाते त्याला स्वतःचे म्हणणे उरत नाही हे त्यांनी ओळखले होते. लग्नकार्यात आम्ही भेटतो, त्यांची बुद्धवंदना होते, आमची प्रार्थना होते, आणि दोन्ही वेळा सगळे उभे राहतात.

आमचे मूळ गाव नेवासे तालुक्यात आहे. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथला तो खांब आजही उभा आहे आणि लोक त्याच्या दर्शनाला जातात. माझे पणजोबा त्याच परिसरातल्या महारवाड्यात जन्मले. ज्ञानदेवांच्या पसायदानात सर्वांसाठी मागितलेले मागणे किती विशाल आहे हे मी शाळेत शिकवत असे आणि शिकवताना माझा गळा भरून येत असे. पण त्या मागण्यानंतर सहाशे वर्षांनीही माझ्या पणजोबांना देवळाची पायरी चढता येत नव्हती. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेर आहे, आणि त्या मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना 1947 साली प्राण पणाला लावावे लागले. मार्ग अनेक आहेत असे जेथे अभिमानाने सांगितले जात होते, तेथे माझ्या माणसांना त्यांतल्या बहुतेकांवर पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती. मग कोणीतरी त्यांना सांगितले की मार्ग एकच आहे आणि तो तुझ्यासाठीही तितकाच आहे. “एकच” हा शब्द माझ्या पणजोबांनी ऐकला तो असा. त्यात त्यांना बंदिस्तपणा ऐकू आला नसावा, कारण बंद दारे त्यांनी आधीच पुष्कळ पाहिली होती.

याच ठिकाणी हेही सांगितले पाहिजे की आमच्या मंडळ्यांनी त्या शब्दाची लाज अनेकदा राखली नाही. एकाच प्रभुभोजनाच्या मेजाशी बसणारी घराणी सोयरीक जुळवताना जुन्या जाती आठवतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी ते सोसलेही आहे.

या सगळ्या विचारात मला सर्वांत जास्त पंडिता रमाबाई आठवतात. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच पुढच्या काळात तेथे त्यांना आश्रय देणाऱ्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींशी त्यांचे मतभेद सुरू झाले. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचे जू महत्प्रयासाने मानेवरून उतरवल्यावर तसलेच दुसरे जू मी घेणार नाही, अशा आशयाचे त्यांनी स्पष्ट लिहून कळवले होते. पुढे आपल्या साक्षीत, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवकथनात, त्यांनी सांगितले की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगले की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. हे वाक्य मी आमच्या पाळकांना, आमच्या तरुणांना आणि सर्वांत जास्त स्वतःला ऐकवत असते. मार्ग एकच आहे असे म्हणताना तो मार्ग म्हणजे आमची संस्था, आमचे रजिस्टर, आमचा पंथ, असा अर्थ आमच्या नकळत आम्ही करून टाकतो. योहानाने लिहिलेल्या त्या वचनात मार्ग म्हणजे एक व्यक्ती आहे.

परंतु रमाबाईंच्याच आयुष्यात या श्रद्धेची दुसरी, अवघड बाजूही आहे. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. विधवा मुलींच्या या शाळेला अमेरिकेतून पैसा येत होता, आणि तेथे कोणावर धर्म लादला जाणार नाही असे आश्वासन पालकांना दिलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती, ती त्याच भरवशावर. रमाबाई स्वतःच्या खोलीत सकाळी प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ झाला, 1893 साली रानडे-भांडारकरांनी संबंध तोडले, आणि अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेले. माझ्या घरात ही गोष्ट रमाबाईंच्या धैर्याची म्हणून सांगितली जाई. मीही तशीच ती ऐकली आणि पुढे सांगितली.

शिक्षिका झाल्यावर मात्र मी तिच्याकडे दोन्ही बाजूंनी पाहू लागले. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घ्या, असे रमाबाईंना सांगण्याचा अधिकार कोणाला होता? लपवलेली श्रद्धा मुलींना काय शिकवणार होती? तरी ती बारा-चौदा वर्षांची, घरच्यांनी टाकलेली, केशवपन झालेली मुलगी ज्या बाईच्या हातचे अन्न खात होती, त्याच बाईच्या प्रार्थनेला जाऊन बसत होती. तिचे ते जाणे किती तिचे आणि किती उपकाराच्या ओझ्याचे, हे कोणी ठरवायचे? रानड्यांनी दिलेला शब्द त्यांना मोडल्यासारखा वाटला असेल, तर त्यांचे दुःख मला खोटे वाटत नाही. रमाबाईंवर माझे अपार प्रेम आहे आणि त्यांनी दार उघडे ठेवले याचा मला आनंदच आहे. पण मी स्वतः तीस वर्षे वर्गात उभी होते तेव्हा एक नियम पाळला, की समोरच्याला उठून निघून जाता येत नसेल तेथे साक्ष द्यायची नाही. कोणाच्या आजारपणात, कोणाच्या फीच्या अडचणीत मदत करताना येशूचे नाव अटीसारखे पुढे करायचे नाही. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, आणि त्या हक्कावर आज ज्या संशयाने पाहिले जाते त्याचा त्रास मला होतो. तरी जी सुवार्ता तांदळाच्या पोत्याबरोबर दिली जाते ती सुवार्ता राहत नाही, हे मी कोणत्याही कायद्याच्या धाकाने म्हणत नाही.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे पाच वर्षे हिंदूच राहिल्या. नवऱ्याला मार्ग सापडला आणि तो एकमेव आहे अशी त्याची खात्री, तरी पत्नीने स्वतःच्या पायांनी येईपर्यंत त्याला थांबावे लागले. त्याच टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, 1917 साली, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना जागा ठेवली. दोनच वर्षांनी ते गेले आणि तो दरबार फारसा वाढला नाही, याची हळहळ मला वाटते.

मग काकूंचे काय? येशूच्या ज्या शिष्याने, पेत्राने, यरुशलेमच्या यहूदी न्यायसभेपुढे सांगितले की आपले तारण होईल असे दुसरे कोणतेही नाव आकाशाखाली दिलेले नाही, तोच पेत्र पुढे कर्नेल्य नावाच्या परराष्ट्रीय शताधिपतीच्या घरी गेल्यावर म्हणाला की देव पक्षपाती नाही हे मला आता खरोखर कळले आहे. दोन्ही वाक्ये एकाच माणसाच्या तोंडची, प्रेषितांची कृत्ये या एकाच पुस्तकातली, फार तर सहा अध्यायांच्या अंतरावरची. दुसरे बोलल्यावर त्याने पहिले मागे घेतले नाही. कर्नेल्याला त्याने येशूविषयीच सांगितले. लूकाच्या शुभवर्तमानात कोणीतरी येशूला सरळ विचारतो की तारण होणारे थोडकेच आहेत काय, आणि येशू त्याला आकडा सांगत नाही. अरुंद दरवाजाने आत जायला झटा, असे तो विचारणाऱ्यासह तिथल्या सर्वांनाच सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो की पूर्वेकडून, पश्चिमेकडून, उत्तरेकडून, दक्षिणेकडून लोक येऊन देवाच्या राज्यात पंक्तीला बसतील.

त्या संध्याकाळी ओट्यावर मी तिला एवढेच म्हणाले होते की आईला जो भेटेल तो येशूच असेल असे मी मानते, आणि तो आईला काय म्हणेल ते मला सांगितलेले नाही. ती थोडा वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “तुम्ही आईसाठी प्रार्थना करता का?” मृतांसाठी प्रार्थना करण्याची आमची रीत नाही, हे मला सांगावे लागले. सांगताना फार जड गेले. “तुझ्यासाठी करते, रोज,” असे मी पुढे म्हणाले, आणि काय मागता असे तिने विचारल्यावर तेही लपवले नाही. तिने माझा हात हातात घेतला. होकार किंवा नकार काही दिला नाही.

पहिल्या वर्षी त्यांच्या घरी सण नव्हता, म्हणून दिवाळीचा फराळ आमच्याकडून गेला. या फाल्गुनात ती माहेरी आली होती. होळीच्या दुपारी भिंतीपाशी हाक आली, मी बाहेर गेले, तर काकूंचाच तो जुना, झाकणाला पोचा पडलेला स्टीलचा डबा तिच्या हातात होता.

“आधीच काढलंय, मावशी,” ती म्हणाली.